फाल्गुन-चैत्रातील परसबाग आणि दुपारचे वाचन

प्रश्न (गुहागर):
निवृत्तीनंतर आम्ही उभयता गावच्या घरी राहावयास आलो आहोत. सकाळी बाग आणि दुपारी पडवीत वाचन, असा दिवस जातो. सोबत आणलेल्या इंग्रजी पुस्तकांत वसंत हा पेरणीचा काळ सांगितला आहे, तर शेजारचे काका ‘आता काही लावू नका’ म्हणतात. जमीन जांभ्याची असून विहिरीला दोन पुरुष खोल पाणी आहे. या दिवसांत नेमके काय करावे? आणि इथल्या ऋतूशी जुळणारे एखादे पुस्तक सुचवाल का?

उत्तर (दापोली):
काकांचे म्हणणे बरोबर आहे. ती पुस्तके बर्फाच्या मुलखातली. तिथे थंडी सरल्यावर जमीन पेरणीजोगी होते. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस, म्हणजे तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी, जून ते सप्टेंबर एवढ्यातच पडते आणि जांभ्यातून ते झिरपून जात असल्यामुळे चैत्रात सारी भिस्त विहिरीवर असते. म्हणून आंब्याची कलमे आणि नारळाची रोपे पावसाच्या सुरुवातीला लावावीत. त्यासाठी मे महिन्यात मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत व नंतर शेणखत-मातीने भरावेत. तूर्त असलेल्या झाडांच्या आळ्यांत पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, जाड पसरून संध्याकाळी पाणी घालावे, एवढे पुरे. पातेरा जाळण्याची आपल्याकडची हौस मात्र आवरा.

उत्तर (वेंगुर्ला):
‘काही लावू नका’ हे जरा टोकाचे वाटते. लाल माठ महिनाभरात काढणीला येतो, आणि मोरीच्या पाण्यावर अळू व केळ आमच्या घरी वर्षानुवर्षे पोसली गेली आहेत. शिवाय हे सुरंगीचे दिवस आहेत. तिच्या कळ्या उमलण्यापूर्वी, उजाडतानाच काढाव्या लागतात, त्यामुळे पहाटे लवकर उठणे ओघानेच आले. वाचनासाठी दुर्गा भागवतांचे १९५६ सालचे ‘ऋतुचक्र’ घ्यावे. त्यातील ललितलेखांची सुरुवातच चैत्रापासून होते, तेव्हा पाडव्याला पहिला लेख वाचून पुढे महिन्याला एक असे वाचत गेलात, तर पुस्तक अंगणाशी ताडून पाहता येईल. मी तसेच वाचले. फक्त ज्येष्ठापर्यंत धीर धरवला नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. पातेऱ्यामुळे वाळवी लागेल, अशी सौभाग्यवतींना शंका आहे.

उत्तर (दापोली):
शंका रास्त आहे. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून पातेरा पसरावा आणि आठवड्यातून एकदा तो उचलून खाली पाहावे.