उंब्रिया: डोंगरमाथ्यावरची गावं, चर्चेस आणि उत्सव (अनुभव लिहा)

रोम आणि फ्लोरेन्सच्या मधे असूनही उंब्रिया बहुतेकांच्या प्रवासातून गळतो. ना समुद्रकिनारा, ना परदेशाची सीमा, असा इटलीतला हा एकमेव प्रांत. इथल्याच असिसी गावचे संत फ्रान्सिस १२२६ साली वारले, म्हणजे २०२६ हे त्याचं आठशेवं वर्ष. यंदा विचारणाही बरीच होते आहे. ‘फार सुंदर आहे’ एवढंच नको. कुठून चढायचं, कुठे अडतं आणि का, ते लिहा.

*

प्रवासापासून सुरुवात करतो. इथे गाव डोंगरावर आणि स्टेशन खाली. असिसीचं स्टेशन गावापासून सुमारे चार किलोमीटरवर, सान्ता मारिया देल्यी आंजेली इथे आहे. तिथून वर बस जाते. पेरुजात मिनीमेत्रो (छोट्या डब्यांची स्वयंचलित गाडी) आहे. शिवाय रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर नेतात. गुब्बिओला तर रेल्वेच नाही. फोस्सातो दी व्हीको स्टेशनला उतरून बस धरायची.

बसच्या वेळापत्रकात लोक हमखास फसतात ते ‘फेरियाले’ या शब्दावर. वाटतं सुट्टीचा दिवस, पण अर्थ नेमका उलटा: सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणवारांसाठी ‘फेस्तीव्हो’. ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली गाडी शाळा चालू असेल तेव्हाच धावते, त्यामुळे उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. आधी परतीची शेवटची बस बघा, मग दिवस आखा. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो.

*

वरच्या प्रतिसादात एक भर: लहान चर्चेस साधारण साडेबारा ते तीन बंद असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक-दोन युरोची नाणी खिशात ठेवा. बऱ्याच ठिकाणी भित्तिचित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो.

*

असिसीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे क्रम चुकला की निम्मं हातचं जातं.

संत फ्रान्सिसची बॅसिलिका (मोठं, मानाचं चर्च) १२२८ मध्ये बांधायला घेतली. एकावर एक अशी दोन चर्चेस आणि सगळ्यात खाली संतांची कबर. सुरुवात खालच्या चर्चपासून करा. आत अंधार असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. मग पिएत्रो लोरेन्झेत्ती आणि सिमोने मार्तिनी या चित्रकारांचे रंग उमलू लागतात. तिथून कबरीकडे उतरा, मग वरच्या चर्चमध्ये या.

वर भिंतींवर संत फ्रान्सिसच्या चरित्राचे २८ प्रसंग रंगवलेले आहेत. ते परंपरेने चित्रकार जोत्तोचे मानले जातात. अभ्यासकांमध्ये वाद आहे. वेदीकडे तोंड केलं की पहिला प्रसंग उजव्या भिंतीवर, पण वेदीजवळच्या टोकाला. तिथून दाराकडे १३, दाराच्या भिंतीवर दोन, आणि डाव्या भिंतीवरून वेदीकडे परत १३. दारातून शिरून सरळ पुढे चालत गेलात तर कथा उलटी वाचली जाते. पक्ष्यांना उपदेश करणारा प्रसिद्ध प्रसंग दाराच्याच भिंतीवर, म्हणजे पाठीमागे, राहतो. कितीतरी जण तो न बघताच बाहेर पडतात!

इथलंच चित्रकार चिमाबुएचं क्रूसारोहणाचं (येशूला क्रूसावर खिळल्याचं) चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. पांढऱ्यासाठी वापरलेला शिशाचा रंग काळाच्या ओघात काळा पडला, म्हणून उजळ जागा गडद झाल्या. छतावरच्या फिक्या, रिकाम्या जागा २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपाच्या. छत कोसळून चार जण गेले. चित्रांचे हजारो तुकडे वेचून जमले तेवढे परत बसवले. इथे फोटोला मनाई आहे आणि ती पाळावी. हे चालतं प्रार्थनास्थळ आहे.

जुन्या गोव्यातल्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये याच चरित्रातले प्रसंग लाकडी फलकांवर रंगवलेले आहेत. निघण्याआधी ते पाहिले तर प्रसंग चटकन ओळखू येतात.

*

ओर्व्हिएतो: स्टेशनसमोरूनच दोराने ओढली जाणारी रेल्वे वर जाते. ती जिथे सोडते तिथेच सान पात्रीत्सिओची विहीर आहे, म्हणून ती आधी उरका. ५३ मीटर खोल, ७२ खिडक्या, २४८ पायऱ्या. एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने. पाणी वाहणारी खेचरं एकाने उतरायची, तळाचा पूल ओलांडून दुसऱ्याने चढायची, वाटेत अडायची नाहीत. खाली गारवा आणि ओल असते, गुळगुळीत तळव्यांची चप्पल नको. मग कथेड्रल, त्यात सान ब्रित्सिओ चॅपेलमधली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं (१४९९–१५०४) चुकवू नका.

*

गुब्बिओचे ‘चेरी’, दरवर्षी १५ मे. शब्दाचा अर्थ मेणबत्त्या, प्रत्यक्षात चार-पाच मीटर उंचीचे लाकडी मनोरे, प्रत्येकी सुमारे पावणेतीनशे किलोचे. माथ्यावर संत उबाल्दो, जॉर्ज आणि अँथनी यांच्या मूर्ती. दुपारी बाराला चौकात ते उभे करतात. आडवा मनोरा चौकटीत बसवला की म्होरक्या सांध्यावर घड्यातलं पाणी ओततो आणि घडा गर्दीत भिरकावतो. फुटलेल्या खापरीसाठी झुंबड उडते, ती शुभ मानतात. तेव्हा डोकं सांभाळा.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला धाव सुरू होते. वाहणारे न थांबता खांदा बदलतात. त्या क्षणी पावलं जुळली नाहीत तर वरचा भार एका बाजूला झुकतो आणि मनोरा घरांना घासतो. ही शर्यत नव्हे. क्रम ठरलेला, उबाल्दो कायम पुढे, कुणी कुणाला मागे टाकत नाही. कस लागतो तो मनोरा न पाडता, अंतर न पडू देता डोंगरावरच्या बॅसिलिकेपर्यंत नेण्यात. अरुंद गल्लीत उभं राहू नका, मागे सरायला जागा नसते. लहान मुलं असतील तर चौकही टाळा.

*

स्पेल्लो गावात रस्त्यांवर मांडतात त्या फुलांच्या गालिच्यांची तारीख दरवर्षी बदलते. ईस्टरच्या रविवारात ६३ दिवस मिळवा. २०२७ मध्ये ३० मे. पाकळ्या, पानं, बिया, जे असेल ते वनस्पतीचंच. ताजं किंवा वाळवून बारीक केलेलं. मोठा शत्रू वारा. म्हणून रात्री मांडवाखाली काम चालतं आणि वर पाण्याचा हलका फवारा मारतात.

पालखीच्या वाटेवरच्या रांगोळ्या पाहिलेल्यांना पुढचं समजावून सांगायला नको: सकाळी पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) घेऊन बिशप त्याच गालिच्यांवरून चालत जातात. त्यामुळे रविवारी दुपारी पोहोचलात तर विस्कटलेल्या पाकळ्याच दिसतील. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने या, रात्रभर काम बघा आणि पहाटे, मिरवणुकीआधी, पुन्हा एकदा पूर्ण वाट चाला.

*

शाकाहाऱ्यांसाठी: ‘तोर्ता अल तेस्तो’ ही तव्यावरची जाड भाकरी, आत शिजवलेला पाला भरून मिळते. पिठात कधी डुकराची चरबी असते, म्हणून ‘सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणून विचारा. रोजचा पाव मात्र अळणी लागला तर परत करू नका, इथे तो बिनमिठाचाच करतात.