“डोळे झाकून घ्या” म्हणणाऱ्यांसाठी : एनटीपीसी ग्रीन, जरा डोळे उघडून

लोडशेडिंगग्रस्त

परवा भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मेहुण्यांनी भलीमोठी पोस्ट टाकली. सार एवढंच की देशाला 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म (कोळसा-तेल-गॅस सोडून) वीजक्षमता करायचीय, एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचं स्वतःचं 2032 पर्यंत 60 गिगावॉटचं टार्गेट आहे, एनटीपीसी ग्रीन ही तिची सौर-पवन विजेची उपकंपनी म्हणजे सरकारी मुलगी, सूर्य काही उद्या संपावर जात नाही, सबब तिचा शेअर डोळे झाकून घ्या आणि पोरीच्या लग्नापर्यंत विसरून जा. खाली चौदा अंगठे. तिथे उत्तर दिलं असतं तर दिवाळीत बायकोच्या माहेरी जेवण जड गेलं असतं म्हणून इथे ओकतोय.

अहो सूर्य फुकट आहे ते सगळ्यांनाच फुकट आहे ना. टेंडरला जो सगळ्यात कमी दर लावतो त्याला काम. 2010-11 ला सौर विजेचा दर युनिटला दहा-बारा रुपये होता, 2017 ला राजस्थानात भडल्याला 2.44 झाला, डिसेंबर 2020 ला गुजरातच्या टेंडरात 1.99. बिल भरणारा म्हणून मी टाळ्या वाजवतो, पण भागधारक म्हणून? आणि एकदा करार झाला की तोच दर 25 वर्षं. म्हणजे गाळा भाड्याने दिला आणि पंचवीस वर्षं भाडं वाढवणार नाही असं स्टँपपेपरवर लिहून दिलं. कोळसा नाही, इंधन नाही, सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतायचा, तोही बहुतेक कर्जाचा. मग नफा ठरतो तो उन्हावर नाही, व्याजावर. अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे झाला की पंचवीस वर्षांचं गणित हललं.

आता भाव बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये 108 रुपयांना आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली विक्री, म्हणजे कंपनीची किंमत 91 हजार कोटींच्या आसपास. त्याआधीच्या वर्षाचा नफा 345 कोटी. नफ्याच्या 260 पट भाव झाला की हो. आणि जे 10,000 कोटी गोळा केले त्यातले 7,500 कोटी उपकंपनीचं कर्ज फेडायला. मेहुण्यांच्या पोस्टमध्ये यातलं काही नव्हतं, सूर्योदयाचा फोटो मात्र होता.

दीर्घ_पल्ला

नेहमीचं रडगाणं. वाढत्या कंपनीला मागच्या वर्षाचा पीई (भाव नफ्याच्या किती पट) लावायचा म्हणजे पेरणीच्या दिवशी शेतात जाऊन पीक दिसत नाही म्हणून बोंब मारायची. सप्टेंबर 2024 ला चालू क्षमता होती 3.3 गिगावॉट आणि हातात असलेले करार आणि मिळालेली कामं साडेतेरा गिगावॉट. पैसा आज लागतो, कमाई प्रकल्प सुरू झाल्यावर दिसते. 2024-25 ला नफा पावणेपाचशे कोटींच्या आसपास गेला ते सोयीस्करपणे गाळलंत. ओएनजीसीबरोबर भागीदारीत आयाना ही हरित वीज कंपनी घेतली, तिथे आणखी चार गिगावॉट. आणि व्याजाचं म्हणताय तर तोच तर मुद्दा आहे! पाठीशी एनटीपीसी आहे, बाजारात हिला जेवढं स्वस्त कर्ज मिळतं तेवढं खासगीवाल्यांना मिळणार आहे का? म्हणजे तुमच्याच गणिताने हीच कंपनी टिकणार. तुम्ही तिचीच जाहिरात केलीत, आभार.

लोडशेडिंगग्रस्त

टिकणार हे मी कधी नाकारलं? एसटी पण टिकलीय. टिकणं वेगळं आणि 108 ला घेणाऱ्याला पैसे मिळणं वेगळं. नफा पावणेपाचशे धरला आणि भाव शंभर धरला तरी पावणेदोनशे पट होतात. तिप्पट चौपट वाढ आधीच भावात धरलेली आहे, तुम्ही ती परत एकदा विकताय.

आणि “हातात असलेली कामं” याचा अर्थ तुम्हाला माहितीय. टेंडर जिंकणं म्हणजे करार नाही. देशभरात कितीतरी गिगावॉट असे पडून आहेत जे कुणीतरी जिंकलेत पण वीज घ्यायला वितरण कंपन्या सही करत नाहीत, कारण उद्याचं टेंडर अजून स्वस्त येईल म्हणून वाट बघतात. राजस्थानात प्रकल्प उभे आहेत आणि लाइन नाही म्हणून दुपारी वीज कापायला लावतात. आंतरराज्य पारेषण शुल्काची, म्हणजे दुसऱ्या राज्यात वीज नेण्याच्या भाड्याची, पूर्ण माफी 30 जून 2025 नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांना मिळत नाही, ती दरवर्षी 25 टक्क्यांनी कमी होत जाणार. 2019 ला आंध्रने झालेले करारच परत उघडायला घेतले होते, हायकोर्टाचा निकाल यायला 2022 उजाडलं. ही सगळी जोखीम “सरकारी मुलगी” या दोन शब्दांत झाकायची?

एक_लॉट

मला 138 शेअरचा एक लॉट लागला होता, 140 च्या पुढे विकून मोकळा झालो. डिसेंबरात 155 पर्यंत गेला तेव्हा ऑफिसात मला सगळे हसत होते, फेब्रुवारीत शंभरच्या खाली आल्यावर तेच चहा पाजायला लागले. एवढंच, चालू द्या तुमचं.

पीई_पाटील

दोघांनाही एक गोष्ट सुचत नाहीये. सौर वीज दुपारी येते, लोकांना हवी असते संध्याकाळी सातला. पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, उन्हाळ्यात बघा, दुपारी भाव पार आपटलेला आणि संध्याकाळी युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलेला. म्हणजे नुसतं सोलर उभारणारा दुपारी अजून एक माणूस रांगेत उभा करतोय. पुढचा पैसा साठवणुकीत आहे, बॅटरी नाहीतर पंप्ड स्टोरेज (स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, हवी तेव्हा सोडून वीज करायची). जी कंपनी ते नीट करेल ती बघा, गिगावॉट मोजत बसू नका.

आणि सेंटिमेंटवर घेणाऱ्यांनी पवनचक्कीवाली सुझलॉन विसरू नका. भाव जानेवारी 2008 ला चारशेच्या वर, 2012 ला परदेशी रोखे फेडता आले नाहीत, 2020 ला दोन रुपयांच्या खाली. वारा तेव्हाही वाहतच होता.

दीर्घ_पल्ला

सुझलॉन पवनचक्क्या बनवून विकते, एनटीपीसी ग्रीन वीज विकते. ट्रॅक्टरवाला आणि शेतकरी एकच धरताय का? आणि ज्यांनी 2020 ला दोन रुपयांना घेतला त्यांचं काय झालं तेही लिहा की. अर्धी गोष्ट सांगायची खोडच आहे काहींना.

सडेकर

पवनचक्कीचं नाव निघालंच आहे तर आमचं पण ऐका. मी साताऱ्याच्या पाटण तालुक्यातला, आमच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) 2000 च्या आधीपासून पवनचक्क्या आहेत. तुम्ही शेअरचा भाव 108 का 155 यावर भांडताय, आमच्या आज्याने जमीन कुठल्या भावाने दिली ते विचारा. एजंट यायचा, नाव घेत नाही, म्हणायचा खडकाळ माळ आहे, नाचणी सोडून काय पिकतंय इथं, पैसे घ्या आणि पोराला मुंबईला पाठवा. आज्याने अंगठा दिला. नंतर कळलं की एका पवनचक्कीला लागतो तेवढा तुकडा नव्हता गेला, अख्खी पट्टी गेली होती. आता जनावरं चरायला न्यायची तर गेटवर वॉचमन नाव विचारतो. आणि एवढ्या पवनचक्क्या डोक्यावर फिरत असून गावात वीज यायची रात्री बाराला.

आणि ह्या उभारल्या कशाला माहितीय का? विजेसाठी नाही, टॅक्ससाठी. तेव्हा पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, म्हणजे अख्खी किंमत खर्च दाखवून टॅक्स कमी, वर विक्रीकरात सवलत. मोठमोठ्या लोकांनी पवनचक्क्या घेतल्या, टॅक्स वाचवला, मग ती फिरली काय आणि नाही फिरली काय. तुमची ती हरित गुंतवणूक आम्ही जवळून बघितलीय.

खटावची_पोर

अगदी बरोबर बोललात दादा, आणि पावसाचं राहिलंच की. आमच्याकडे साताऱ्याच्या पूर्वेला खटाव-माणला सगळे म्हणतात की सड्यावरच्या पवनचक्क्यांनी ढग फाटतात, पाऊस पुढे येतच नाही. 2003 च्या दुष्काळात आमची आजी रोज त्या दिशेला बघून शिव्या द्यायची. लोकांनी मोर्चे काढले होते, पेपरात आलेलं. यावर कुणी बोलत नाही.

नट_बोल्ट

आलं का हे परत!! अहो ताई मी अकरा वर्षं टर्बाइनच्या देखभालीत काढलीत, चढून चढून गुडघे गेले. त्या जुन्या मशिनचं पातं वर जातं शंभर मीटरच्या आत. पावसाचा ढग कित्येक किलोमीटर जाड असतो. हे म्हणजे टेबलफॅनने वादळ परतवल्यासारखं झालं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पडतो आणि माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, हे सह्याद्रीमुळे, पर्जन्यछाया म्हणतात, शाळेत शिकवलंय सगळ्यांना. 1972 ला कुठली पवनचक्की होती? आणि 2019 ला कोयनेचे दरवाजे उघडून सांगली बुडाली तेव्हा पवनचक्क्या सुट्टीवर गेल्या होत्या का?

खटावची_पोर

शाळा आम्ही पण शिकलोय, एवढं चढ्या आवाजात बोलायची गरज नाही. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला पर्जन्यछाया सांगायला तुम्ही आला नव्हतात. डोळ्यासमोर नवीन एकच गोष्ट दिसतेय, पंखा, आणि त्याच वर्षी पाऊस गेला, तर माणूस काय समजणार? कंपनीच्या माणसाने गावात येऊन चार शब्द नीट सांगितले असते तर मोर्चे निघाले नसते. पण गावात फक्त एजंट येतो.

लोडशेडिंगग्रस्त

मंडळी, धागा एनटीपीसी ग्रीनच्या भावाचा आहे. पावसावर वेगळा काढा ना प्लीज.

सडेकर

तुमचा धागा तुम्हाला लखलाभ. जमीन हा विषय शेअरच्या बाहेरचा वाटतो तिथेच चुकतंय सगळं. मोठा सौर प्रकल्प म्हणजे मेगावॉटला चारेक एकर धरा. 60 गिगावॉट, म्हणजे 60 हजार मेगावॉट, सरसकट सोलर धरलं तर गुणाकार करा आणि सांगा ती जमीन कुणाची. गावं शहाणी झालीत आता, अंगठा कुणी देत नाही. उशीर झाला की व्याज चढतं, आणि नफा व्याजावर ठरतो हे तुम्हीच वर लिहिलंय.

लोडशेडिंगग्रस्त

हं. हा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये असायला हवा होता. नव्हता. घ्या.

दीर्घ_पल्ला

म्हणूनच बहुतेक मोठे प्रकल्प राजस्थान आणि कच्छच्या ओसाड भागात आहेत, सगळी जमीन शेतीचीच जाणार असल्यासारखं घाबरवू नका. आणि वर कुणी सुचवलं ते साठवणुकीचं, एनटीपीसी ग्रुप पंप्ड स्टोरेजच्या मागे आहेच. सगळं नकारात्मकच बघायचं ठरवलं असेल तर एफडी करा आणि झोपा.

पीई_पाटील

ओसाड? माळढोक तुम्हाला माहीत नसेल. हे पक्षी तारांना धडकून मरतात म्हणून राजस्थान-गुजरातच्या लाइन जमिनीखालून न्या असं सुप्रीम कोर्टाने 2021 ला सांगितलं तेव्हा किती प्रकल्प अडकले होते? 2024 ला आदेश बदलला म्हणून थोडं सुटलं. एका पक्ष्याने तीन वर्षं घेतली, आणि तुम्ही पोरीच्या लग्नापर्यंतचं भाकीत करताय.

दीर्घ_पल्ला

ते भाकीत मेहुण्यांचं आहे, माझं नाही. माझं म्हणणं एवढंच की 15-20 वर्षांचा विचार असेल तर पडलेल्या भावात थोडं थोडं घ्यायला हरकत नाही. डोळे झाकून मीसुद्धा म्हणत नाही. आणि हो, खरं सांगायचं तर मी 140 ला घेतलेत, चूक माझीच, त्यामुळे माझा आवाज जरा वर लागतोय हे मान्य. हसा आता.

एक_लॉट

दादा, ते माझेच असतील. चहा माझ्याकडून.

नट_बोल्ट

खटावच्या ताई, आवाज चढला त्याबद्दल माफ करा, पण पावसाच्या मुद्द्यावर मागे हटणार नाही. एक मात्र सांगतो, सड्यावर पावसाळ्यात ढग खरंच पात्यांमधून जातात, धुकंच असतं ते, खालून बघणाऱ्याला फाटल्यासारखं दिसणारच. मी वर उभा असायचो, मला स्वतःची बोटं दिसायची नाहीत.

आणि सडेकर, टॅक्सचं तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे काही मालक असे होते की ज्यांनी आपली पवनचक्की कधी बघितली नव्हती. गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीच्या खर्चाला सही मिळेना, मशीन सीझनभर उभं. म्हणून तर 2009 ला केंद्राने प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटवर पैसे द्यायची योजना आणली. उभारणीवर बक्षीस दिलं की लोक उभारतात, फिरवत नाहीत. लोडशेडिंगवाले, तुमच्या त्या गिगावॉटच्या आकड्यांना पण हेच लावा, क्षमता किती ते नको, वर्षाला युनिट किती आणि त्यातली विकली किती गेली ते तिमाहीला बघा.

खटावची_पोर

माफी ठीक आहे. आजीला धुक्याचं सांगेन, ती ऐकणार नाही.

सडेकर

पावसाचं मी मुळात बोललोच नव्हतो, माझ्या नावावर टाकू नका. गेटचं काय ते बोला. पुढच्या रविवारी गावी चाललोय, सड्यावर जाऊन किती फिरतात आणि किती नुसत्या उभ्या आहेत ते मोजून इथेच टाकतो, मग बघू कुणाची हरित क्रांती किती.

नट_बोल्ट

पावसाळ्याबाहेर मोजू नका राव, वारा कमी असतो, चांगल्या मशिनसुद्धा उभ्या दिसतील आणि तुम्ही आम्हाला शिव्या घालाल. जुलैत जा. रेनकोट न्या, आणि वॉचमनला माझं नाव सांगा, सोडेल.