मदत हवी आहे: आशाताईंच्या ॲपमध्ये दंडघेर कसा भरून घ्यावा?

नमस्कार मंडळी. मेळघाटातल्या एका संस्थेत मी इंटरॅक्शन डिझायनर आहे, म्हणजे ॲपच्या स्क्रीन वापरायला सोप्या कशा होतील ते बघते; टीममध्ये एकटीच. आशाताई, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, मुलांचा दंडघेर टेपने मोजून ॲपमध्ये भरतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळा. परवा एका ताईंकडून दशांशचिन्ह राहिलं, ११.२ चे ११२ झाले आणि ॲपने ते मुकाट्याने घेतलं. चूक ताईंची नाही, माझ्या स्क्रीनची. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

आकडे टाइप करण्याऐवजी टेपचंच चित्र देऊन त्यावर बोट सरकवायला लावावं, असं मनात आहे. पण भर उन्हात, तडा गेलेल्या स्वस्त फोनवर ते जमेल? कुणी असं केलंय का? शिवाय इथल्या कोरकू भाषेतल्या सूचना रेकॉर्ड करायच्यात, कुणाला विचारू?