अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आधी सी शिकावी की पायथॉन?

राजारामपुरीकर
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला यंदा कोल्हापुरातच मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आहे. बारावीपर्यंत त्याने प्रोग्रॅमची एक ओळही लिहिलेली नाही. कॉलेजात पहिल्याच सत्रात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, तर क्लासवाले सांगतात की सी आता जुनी झाली, थेट पायथॉन ही दुसरी भाषा घ्या. दोन्ही एकदम सुरू केल्यास त्याचा गोंधळ उडेल, अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचगंगाकाठ
मी हा विषय पहिल्या वर्षाला शिकवतो आणि माझा कल पायथॉनकडे आहे. मात्र सी जुनी झाली, हे त्याचे कारण नव्हे. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या या भाषेतच लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा आजही मुख्यत्वे लिहिला जातो. अडचण वर्गातली आहे. पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढायला सांगितली, की मुलगा स्कॅनएफ या आकडा वाचून घेणाऱ्या सूचनेत चलाच्या, म्हणजे आकडा साठवायच्या जागेच्या, नावाआधीचे अँपरसँड (&) विसरतो, कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेला इशारा वाचत नाही, प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो आणि सगळा तास ते एक चिन्ह शोधण्यात जातो. सरासरीचा विचार बाजूलाच राहतो.

शिरोलीकर
निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष पटत नाही. मेकॅनिकलच्या मुलाला पुढे यंत्राशी बोलायचे आहे. मी एका कारखान्यात भट्टीसाठी आर्डुइनो उनो या सीसारख्याच भाषेत प्रोग्रॅम लिहायच्या छोट्या नियंत्रक बोर्डावर टायमर केला होता आणि गेलेला वेळ मिलिसेकंदांत इंट, म्हणजे पूर्णांक, प्रकारच्या चलात साठवला होता. त्या बोर्डावर इंट 32,767 पर्यंतच जातो, त्यामुळे तेहतिसाव्या सेकंदाला आकडा एकदम ऋण झाला आणि टायमर चुकला. पायथॉनमधला पूर्णांक हवा तेवढा वाढतो, म्हणून तिथे हा धडा मिळत नाही. आकड्याला मेमरीत जागा लागते, हे सी पहिल्याच महिन्यात शिकवते.

पंचगंगाकाठ
आपला मुद्दा मोलाचा आहे. माझे मत अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांसाठी होते. या मुलाचे प्रात्यक्षिक सीमध्येच होणार असेल, तर त्याने आधी सीच करावी, कारण अडल्यावर विचारायला शिक्षक समोर असतात. पायथॉन सत्र संपल्यावर घ्यावी. तेव्हा एक लक्षात ठेवावे : 7 भागिले 2 चे उत्तर सीमध्ये पूर्णांकांत 3 येते, पायथॉन 3 मध्ये 3.5. दोन्ही भाषा एकाच वेळी शिकणारी मुले नेमकी इथेच चुकतात.

राजारामपुरीकर
दोघांचेही मनापासून आभार. क्लासचे पैसे अजून भरलेले नाहीत, ते आता भरत नाही. शिरोलीकर, सी थोडी हाताशी आल्यावर त्याला उनो बोर्ड घेऊन द्यावा म्हणते. आपला तो टायमर त्याला आधी चुकीचाच लिहायला सांगेन.