लिंडाउ बेटाचा नकाशा आणि कालपट्टी: चार शंका

मासुंदाकाठ, ठाणे
आमच्या इतिहास मंडळाच्या प्रदर्शनात लिंडाउवर दोन तक्ते आहेत: एक नकाशा, एक कालपट्टी. दक्षिण जर्मनीत बोडेन्झे सरोवरातलं हे बेट एक चौरस किलोमीटरही भरत नाही, तरी पाचशेहून जास्त वर्षं ते स्वतंत्र शहर होतं. चार गोष्टी जुळत नाहीत. नकाशात भरती-ओहोटीच्या रेषा दाखवायच्या का? सरोवरातली जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडची सीमा प्रत्येक नकाशात वेगळी का दिसते? बंदराच्या तोंडाशी बव्हेरिया या जर्मन राज्याचा सिंह आहे, मग शहर बव्हेरियाचं कधीपासून? आणि ‘लिंडाउ मुख्य स्थानक’ व ‘लिंडाउ-इन्झेल’ ही दोन स्टेशनं आहेत की एकच?

खारीगाव_खाडी
भरतीची रेषा अजिबात नको. बोडेन्झे गोड्या पाण्याचं, समुद्रसपाटीपासून सुमारे ३९५ मीटर उंचीवर. आपल्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं, तिथे वर्षातून एकदा. आल्प्समधला बर्फ वितळून ऱ्हाइन नदीतून येतो, त्यामुळे जून-जुलैत पातळी सर्वात वर आणि फेब्रुवारीच्या आसपास सर्वात खाली. फरक साधारण दीड मीटर. बोडेन्झेच्या मोठ्या भागातून, म्हणजे वरच्या सरोवरातून, बाहेर पडणाऱ्या पाण्यावर धरण किंवा दरवाजे नाहीत, म्हणून आवक वाढली की पातळी चढतेच. मे १९९९ मध्ये वितळता बर्फ आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले आणि काठावरच्या कॉन्स्टान्झ शहरातल्या पाणीपातळी-मापकावर ५.६५ मीटरची नोंद झाली. हा आकडा तक्त्यावर घेतलात तर ‘मापकाच्या शून्यापासून’ हे शब्द लिहाच. नाहीतर लोक ती सरोवराची खोली समजतील, आणि खोली तर सर्वात खोल जागी २५० मीटरच्या वर आहे.

किनारा दोन रंगांत काढा, हिवाळी आणि उन्हाळी. फोटोखाली महिना हवा. फेब्रुवारीत उघडे पडलेले गोटे बघून ठाण्यातला माणूस ‘ओहोटी आहे’ असंच म्हणणार.

सीमेचं म्हणाल तर वरच्या सरोवरात तिघांनी मिळून मान्य केलेली रेषाच नाही. स्वित्झर्लंड मध्यरेषा धरतो, ऑस्ट्रियाच्या मते खोल पाणी सामाईक, जर्मनीने ठाम भूमिका घेतलेली नाही. २५ मीटर खोलीपर्यंतचा काठाचा पट्टा ज्याचा त्याचा. तेवढाच रंगवा, मधला भाग कोरा ठेवा. तुटक रेषाही नको, तीसुद्धा एका देशाची बाजू घेते.

ऐरोलीकर_नकाशे
कालपट्टी सिंहापासून मागे नेऊ नका, मठापासून पुढे आणा. बेटावर नवव्या शतकात ख्रिस्ती साध्वींचा मठ झाला. लिंडाउचा पहिला लेखी उल्लेख ८८२ चा. १२७५ मध्ये राजा रुडॉल्फ पहिला याने शहराला पवित्र रोमन साम्राज्याचं मुक्त शहर म्हणून मान्यता दिली. म्हणजे मध्ये कोणी सरंजामदार नाही, थेट सम्राटाशी व्यवहार. १४९६-९७ मध्ये साम्राज्याची सभा इथे भरली.

यापुढचा भाग सर्वात मोलाचा आहे, त्याला जागा द्या. १५३० मध्ये शहराने स्ट्रासबुर्ग, कॉन्स्टान्झ आणि मेमिंगेनबरोबर सुधारणावादी (प्रोटेस्टंट) पंथाचा जाहीरनामा मांडला. मठ मात्र कॅथलिकच राहिला, तोही थेट सम्राटाच्या हाताखाली. एवढ्याशा बेटावर दोन पंथ, दोन स्वतंत्र सत्ता, आणि हे जवळपास पावणेतीनशे वर्षं चाललं! आजही बाजारचौकात प्रोटेस्टंट सेंट स्टेफान आणि कॅथलिक मठाचं चर्च शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही एकाच फोटोत येतात, तो फोटो मिळवाच. १६४७ चा स्वीडिश वेढाही बेटाने परतवला.

मग नेपोलियनच्या काळातली उलथापालथ. १८०२-०३ मध्ये शहर आणि मठ दोन्ही ब्रेट्झेनहाइमच्या राजपुत्राकडे, १८०४ मध्ये ऑस्ट्रियाकडे, १८०५ च्या प्रेसबुर्ग तहाने बव्हेरियाकडे. सहा मीटरचा सिंह आणि समोरचा ३३ मीटरचा दीपस्तंभ १८५६ चे, म्हणजे सत्ता आल्यावर अर्धशतकाने. त्याआधी दिव्याचं काम धक्क्यावरचा मांगटुर्म हा मध्ययुगीन बुरूज करी.

पट्टी १९४५ ला थांबवू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर बाकी बव्हेरिया अमेरिकनांच्या ताब्यात असताना लिंडाउ फ्रेंचांकडे होतं, कारण जर्मनीतला आणि ऑस्ट्रियातला असे त्यांचे दोन विभाग जमिनीने जोडायला हाच तुकडा लागत होता. बव्हेरियात पूर्णपणे परत आलं १९५५ मध्ये. लिंडाउतल्या नोबेल विजेत्यांच्या बैठका त्या मधल्याच काळात, १९५१ मध्ये सुरू झाल्या.

मासुंदाकाठ, ठाणे
सीमेचा मुद्दा फार उपयोगी, तुटक रेषा आम्ही काढूनही ठेवली होती, आता पुसतो. स्टेशनचं कोणी सांगेल का?

कळवा_यार्ड
स्टेशन एकच, ‘मुख्य स्थानक’चं नाव बदलून ‘लिंडाउ-इन्झेल’ झालं. वेगळं आहे ते लिंडाउ-रॉयटिन, मुख्य भूमीवरचं. बेटावरचे रूळ बंदरापाशी संपतात, त्यामुळे म्युनिक-झ्युरिक गाडीला आत शिरून दिशा बदलून परत बाहेर यावं लागे. डिसेंबर २०२० मध्ये म्युनिककडून मेमिंगेनमार्गे विजेवरची गाडी सुरू झाली, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या रॉयटिनला थांबू लागल्या. बेटावर प्रादेशिक गाड्या जातात. नकाशा प्रवासासाठीही वापरला जाणार असेल तर दोन्ही स्टेशनं दाखवा. झ्युरिकहून येणारा रॉयटिनला उतरतो आणि समोर बेट शोधत बसतो.

रेल्वेचा बांध नकाशात पुलाच्या चिन्हाने दाखवू नका, तो भराव आहे. पूल पूर्वेला, रस्त्याचा. ठाणेकरांसाठी शेजारी एक ओळ टाकता येईल: तिकडे रेल्वे बेटावर पोचली १८५३-५४ मध्ये, आणि आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ ला, खाडी ओलांडून कल्याणला १ मे १८५४ ला. खाडीवर मात्र पूलच लागला. तिथे भराव घातला असता तर भरतीचं पाणी अडलं असतं.