प्लाझ्माची टॉर्च परत ठोकली, मॅग्नेटवाला होल्डर कुठला घेऊ? (मदत हवी, अर्जंट)

मकरपुराफॅब
मंडळी, महिन्यात तिसऱ्यांदा टॉर्च गेली. पहिल्या दोन वेळा शील्ड आणि नोझलवर निभावलं, आज सकाळी डोकंच वाकलं. प्लाझ्माने प्लेट कापायचं पाच बाय दहा फुटांचं टेबल आहे, एमएस (माइल्ड स्टील) ६ आणि १० एमएम, फ्लँज आणि बेस प्लेटचं काम. कापलेला तुकडा पट्ट्यांवर तिरका उभा राहतो, टॉर्च जाऊन त्याला धडकते आणि गॅन्ट्री (टॉर्च फिरवणारा आडवा पूल) थांबायचं नाव घेत नाही, ढकलतच राहते, ऑपरेटर पोरगा इमर्जन्सी दाबेपर्यंत खेळ खल्लास. कोणीतरी म्हणालं मॅग्नेटवाला ब्रेकअवे बसवा, धक्का लागला की टॉर्च सुटून बाजूला पडते. बडोद्यात कुठे मिळेल आणि केवढा घ्यायचा एवढंच सांगा. शनिवारी पोर गावाला माल पोचवायचाय, लेक्चर नको.

ऑटोमेशन_ताई
कंट्रोलर कुठला? टीएचसी (टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारा कंट्रोल) आहे का, आणि असेल तर आर्क व्होल्टेजवाला की नुसता प्लेटला टेकून उंची घेणारा? आत्ताचा होल्डर कसला आहे? धडक कापताना होते की एका भोकावरून दुसऱ्या भोकावर जाताना?

मकरपुराफॅब
कंट्रोलर चायनीज, टीएचसी आहे. होल्डर नेहमीचा. मॅग्नेट कुठे मिळेल?

जुनाफिटर
मॅग्नेट बिग्नेट काही नको भाऊ. टॉर्चचा क्लँप दोन नायलॉनच्या बोल्टवर बसवा, एम ६ चे. ठोकर लागली की बोल्ट तुटतो, टॉर्च वाचते. आमच्याकडे असंच चालायचं, खर्च चहापाण्याएवढा. हल्ली सगळ्यांना रेडिमेड पाहिजे.

नेस्टिंगवाला
काका, बोल्ट तुटला की टॉर्च केबलला लोंबकळते आणि मशीनला पत्ताच नाही, ते पुढचे चाळीस फ्लँज हवेत कापत जाणार. वर नवीन बोल्ट घातल्यावर टॉर्च परत काटकोनात लावत बसा. मॅग्नेटवाल्यात तीन गोळ्यांवर बैठक असते, परत चिकटवला की जागच्या जागी येतो. पण माझं म्हणणं वेगळंच आहे, धडक होऊच कशाला द्यायची? कापलेल्या तुकड्यावरून टॉर्च नेताच कशाला?

जुनाफिटर
चाळीस फ्लँज हवेत कापेपर्यंत ऑपरेटर काय झोपला होता?

नेस्टिंगवाला
हो, बऱ्याचदा मोबाईलवर असतो.

सावलीकर
१० एमएमपर्यंतच काम असेल तर फायबर लेझर बघा, प्लाझ्माचे दिवस गेले. आम्ही मंजुसरला घेतला तेव्हापासून ग्राइंडिंगवाल्याला दुसरं काम दिलंय.

मकरपुराफॅब
लेझर घ्यायला पैसे असते तर टॉर्चसाठी रडलो असतो का?

खंडेराव_मार्केट
एअर ड्रायर आहे का तुमच्याकडे? हवेत पाणी असेल तर टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडला लवकर खड्डा पडतो, कट वाकडा येतो. रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी काढा. आमच्या एका ओळखीच्याकडे नोझल दिवसाला एक जायचं, ड्रायर लावल्यावर तीन दिवस चालायला लागलं.

मकरपुराफॅब
दादा, प्रश्न धडकेचा आहे.

ऑटोमेशन_ताई
तसं अगदीच बाहेरचं नाही ते. इलेक्ट्रोड झिजला की त्याच उंचीवर आर्क व्होल्टेज वाढतं. टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेली, तो तिला खाली ढकलतो, आणि जुन्या कन्झ्युमेबलवर (झिजणारे भाग, नोझल-इलेक्ट्रोड) टॉर्च प्लेटला घासायला लागते. कोपऱ्यावर स्पीड कमी झाली किंवा आधीच्या कटवरून टॉर्च गेली तरी तेच, व्होल्टेज उसळतं आणि टॉर्च डुबकी मारते. म्हणून कोपऱ्यावर आणि छोट्या भोकात टीएचसी लॉक करायचा. आता सांगा, धडक कापताना की जाताना?

मकरपुराफॅब
दोन्ही. कापताना एकदाच, शेवटाला. बाकी जाताना. मधली भोकं ६० एमएमची असतात, आतली चकती कधी खाली पडते कधी पट्टीवर अडकून उभी राहते.

नेस्टिंगवाला
हेच तर ओरडून सांगतोय. ६० ची चकती पट्टीच्या धारेवर अडकली आणि अर्धी वर आली की ३० एमएम प्लेटच्या वर. तुमची सेफ हाइट (एका कटवरून दुसरीकडे जाताना टॉर्च उचलायची उंची) किती आहे?

मकरपुराफॅब
बघून सांगतो. पोरगा सेट करतो ते.

मकरपुराफॅब
८.

नेस्टिंगवाला
८ सेंटीमीटर?

मकरपुराफॅब
८ एमएम. विचारलं त्याला, तर म्हणतो शेठ, टाइम वाचे छे, चालशे.

पोहेजिलेबी_इंदूर
हा हा, आमच्या सांवेर रोडवर पण हाच डायलॉग, फक्त हिंदीत.

जुनाफिटर
८ वर नायलॉनचा बोल्ट काय आणि मॅग्नेट काय, सगळं तुटणार. ४० करा. एका भोकाला अर्धा-पाऊण सेकंद जास्त जाईल, टॉर्चपेक्षा स्वस्त पडेल.

ऑटोमेशन_ताई
काकांशी पहिल्यांदाच सहमत. सगळीकडे ४० नको वाटत असेल तर निदान भोकानंतर पूर्ण उचला. आणि होल्डरचा फोटो टाका, "नेहमीचा" म्हणजे मला काही कळलं नाही.

मकरपुराफॅब
[फोटो]
हा घ्या. मशीनबरोबर आलेलाच आहे.

ऑटोमेशन_ताई
अहो, हा तर स्प्रिंगवाला ब्रेकअवेच आहे! मागे टॉर्च सुटली की मशीन थांबवणारा मायक्रो स्विच दिसतोय. मग त्याच्या दोन्ही बाजूंना एम ८ चे बोल्ट ठोकून तो पक्का कोणी केला? आणि स्विचच्या दोन वायरी पिळून टेप लावलेली दिसतेय, ती काय भानगड आहे?

मकरपुराफॅब
ते मीच केलंय, दिवाळीच्या गर्दीत. स्प्रिंग ढिली झाली होती, टॉर्च हलायची, कट तिरका यायचा. आणि स्विच उगाचच ट्रिप करायचा, दर दहा मिनिटांनी मशीन उभं. म्हणून जंपर मारून स्विच बायपास केला. त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

सावलीकर
😂😂

खंडेराव_मार्केट
भाऊ, घराचं दार काढून चोर येतात म्हणून पोलिसांत गेलात.

मकरपुराफॅब
हसून झालं असेल तर आता मॅग्नेटचं सांगा. स्प्रिंग बदलू की मॅग्नेट घेऊ?

ऑटोमेशन_ताई
स्प्रिंग नवी मिळत असेल तर तीच घाला, नाहीतर मॅग्नेट. पण "केवढा" याचं उत्तर किलोत नाही. टॉर्च आणि तिच्या केबलचं वजन, आणि गॅन्ट्री झटक्यात दिशा बदलते तेव्हा बसणारा झटका, एवढं पेलून वर थोडं जास्त. फार ताकदीचा घेतलात तर सुटणारच नाही, कमी असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर गळून पडेल. बऱ्याच जणांना वाटतं मॅग्नेट खराब आहे, ओढत असते केबल, तिला वरून हॅंगर द्या. साध्या निओडायमियमची ताकद ८० डिग्रीच्या पुढे कमी व्हायला लागते, म्हणून तो नोझलपासून वर बसवा. आणि लोखंडाची भुकटी बसते त्याच्यावर, रोज पुसायला लागेल, नाहीतर टॉर्च तिरकी बसेल आणि कट परत तिरका येणार.

नेस्टिंगवाला
आणि नुसता सुटून उपयोग नाही, मशीन थांबायला पाहिजे. रॅपिड (न कापता जायचा स्पीड) किती आहे तुमचा?

मकरपुराफॅब
मिनिटाला १२ मीटर.

नेस्टिंगवाला
म्हणजे सेकंदाला २०० एमएम. साधारण १ मीटर पर सेकंद स्क्वेअरने ब्रेक मारला तरी २० एमएम पुढे जाणार, कंट्रोलरला इनपुट कळायला ५० मिलिसेकंद गेले तर आणखी १०. म्हणजे ३० एमएमभर टॉर्चने मोकळेपणी मागे पडायला पाहिजे, टॉर्चच्या केबलचा पाइप तेवढा ढिला ठेवा. ताणून बांधलात तर सुटून पण अडकेल.

जुनाफिटर
एवढं गणित आमच्या वेळी नव्हतं आणि मशीनं चालत होती.

नेस्टिंगवाला
काका, तुमच्या वेळी टॉर्च हातात असायची.

पोहेजिलेबी_इंदूर
विषय सोडून विचारतो, पुढच्या आठवड्यात बडोद्याला येतोय, सेव उसळ कुठली खायची? इंदूरच्या सेवेपुढे टिकेल का?

खंडेराव_मार्केट
इथे वाद नको, या आणि खा. सकाळी लवकर या, रस्सा संपतो. आणि तुमचे पोहे आम्हाला आवडतात, शेव जरा जास्तच होते.

ऑटोमेशन_ताई
मंडळी, शेवेचा वेगळा धागा काढा. मकरपुराफॅब, खोट्या ट्रिपचं राहिलं. स्विचची वायर टॉर्चच्या केबलला बांधून वर नेली होती का?

मकरपुराफॅब
हो, एकाच पाइपात. दुसरीकडून कुठून नेणार?

ऑटोमेशन_ताई
म्हणून ट्रिप व्हायची. आर्क पेटताना जो नॉइज येतो तो त्या वायरीत शिरतो. शील्डेड वायर घ्या, टॉर्चच्या केबलपासून लांबून न्या, शील्डला एकाच टोकाला अर्थिंग द्या, आणि कंट्रोलरमध्ये इनपुट फिल्टर असेल तर थोडा वाढवा. स्विच एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) ठेवा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन उभं राहील. सुटल्याबरोबर मोशन थांबायला हवी आणि आर्क पण बंद व्हायला हवा, फक्त मोशन थांबली तर टॉर्च पडल्या जागी भोक पाडत बसेल.

सावलीकर
छोट्या भोकांना एखादा मायक्रोजॉइंट (न कापलेला बारीक टाका) ठेवा, चकती उभीच राहणार नाही. हातोड्याचा एक टोला पुरतो नंतर.

मकरपुराफॅब
हे बरं आहे. करतो.

मकरपुराफॅब (३ दिवसांनी)
अपडेट. एम ८ चे बोल्ट काढले, स्प्रिंग नवी मिळाली, खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत एकाने बनवून दिली. सेफ हाइट ३५. वायर वेगळ्या पाइपातून नेली. आर्क बंद ठेवून मशीन चालवलं आणि टॉर्च लाकडाच्या दांड्याने ढकलली, लगेच उभं राहिलं. भोकं आधी, बाहेरचा कट शेवटी, मध्ये फक्त मोकळ्या प्लेटवरून जातो. पोरगा तोंड फुगवून बसलाय, टाइम जास्त लागतो म्हणून. पोरचा माल गेला.
एक अडचण आहे. फॉल्ट रिसेट केल्यावर कट जिथे थांबला तिथून चालू होत नाही, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. काय करू?

ऑटोमेशन_ताई
नवीन धागा काढा. आणि या वेळी कंट्रोलरचं मॉडेल लिहा.