बाटल्यांची काच स्लॅबमध्ये नको
एकाने विचारलंय, तारकर्लीच्या हॉटेलांमागे साचणाऱ्या बाटल्या फोडून वाळूऐवजी स्लॅबमध्ये घातल्या तर? स्लॅबमध्ये नको. काचेतली सिलिका आणि सिमेंटमधली अल्कली यांची ओलाव्यात प्रक्रिया होऊन जेल तयार होतं, ते पाणी शोषून फुगतं आणि काँक्रीट आतून तडकतं. आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा! त्या भेगांतून खारी हवा सळईपर्यंत पोचली की गंज धरलाच, मग सज्जाचे पोपडे पडायला लागतात.

गंमत म्हणजे हीच काच 75 मायक्रॉनपेक्षा बारीक, मैद्यासारखी दळली तर उलट फ्लाय अॅशसारखी (कोळशावरच्या वीजकेंद्रातली बारीक राख) सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून मजबुती देते. पण त्याला बॉल मिल, म्हणजे पोलादी गोळ्यांनी दळणारी गिरणी हवी, खडीच्या क्रशरचं ते काम नाही. शिवाय बाटल्या धुवायला हव्यात, सरबताची साखर राहिली तर सिमेंट लवकर धरतच नाही. ही पूडही आधी अंगणातल्या बिनसळईच्या पेव्हर ब्लॉकमध्ये घालून बघा.

समुद्राकाठच्या स्लॅबला टाकाऊच वापरायचं तर स्लॅग सिमेंट घ्या, स्लॅग म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीची मळीच. हे सिमेंट खाऱ्या हवेला चांगलं टिकतं. फक्त ते सावकाश घट्ट होतं, तेव्हा किमान 10 दिवस पाणी मारा. गवंडी चौथ्या दिवशीच पाइप गुंडाळतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.